कॅम्पातला गिटार एन्सेम्बल क्लास: सर चेलोवाले, समोर बसलेले सगळे गिटारवाले

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांब आहे आणि क्लासचं नाव टाकत नाहीये, एक तर सरांना स्वतःचं नाव ऑनलाइन आलेलं अजिबात आवडत नाही आणि दुसरं म्हणजे खाली तक्रारीपण आहेत. कॅम्पात एम. जी. रोडच्या मागच्या बाजूला एका जुन्या बंगल्याचा पहिला मजला, रविवार सकाळ, चार-चार जणांचे ग्रुप, आणि काम एकच, व्हायोलिन-चेलोवाल्यांसाठी (चेलो म्हणजे बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात ते व्हायोलिनसारखंच पण मोठं वाद्य) लिहिलेलं चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वाजवणाऱ्यांचं संगीत, क्लासिकल गिटारवर वाजवायचं. क्लासिकल गिटार म्हणजे नायलॉनच्या तारांची, पिक न घेता बोटांनी आणि नखांनी वाजवतात ती. हिंदी गाण्यांच्या कॉर्ड्स शिकायच्या असतील तर इथे येऊ नका, त्यासाठी पुण्यात गल्लोगल्ली क्लास आहेत आणि त्यातले बरेच चांगलेपण आहेत.

आता मुळात असल्या क्लासची गरज काय, तर पुण्यात क्लासिकल गिटार शिकणाऱ्याचा रस्ता ठरलेला असतो, ग्रेडच्या परीक्षा द्यायच्या, सोर, जुलियानी, टारेगा अशा गिटारच्या जुन्या संगीतकारांचे एकट्याने वाजवायचे पीसेस बसवायचे, घरी खोलीचं दार लावून रियाज करायचा, आणि वर्षातून एकदा गुरूंच्या घरी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम. ह्यात होतं काय की एकटा वाजवणारा माणूस अवघड जागी हळूच लय ओढतो, सोप्या जागी पळतो, आणि त्याला कोणी काही म्हणत नाही, उलट आपण त्याला एक्स्प्रेशन म्हणतो. तबलजी शेजारी असता तर पहिल्याच आवर्तनात भुवई वर गेली असती. इथे तेच होतं, फक्त तबलजीच्या जागी तीन गिटारवाले आणि एक सर असतात.

आणि ह्या क्लासची खरी गोष्ट हीच आहे की सर गिटारवाले नाहीत. आयुष्यभर चेलो वाजवलाय, क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या आवाजाचं) आणि एक चेलो अशा चौघांत बसलेत, गिटारवर त्यांना सी मेजरची कॉर्डसुद्धा धड धरता येत नाही आणि ते हे खुशाल सांगतात. मला सुरुवातीला हे विचित्रच वाटलं, पैसे देऊन गिटारच्या क्लासला जायचं आणि शिकवणाऱ्याला गिटार येत नाही. पण फायदा असा की गिटारवाल्यांच्या आपापसात मान्य असलेल्या ज्या सबबी असतात ना, ‘इथे शिफ्ट आहे म्हणून नोट तुटते’, ‘इथे बार आहे म्हणून बेस दाबला जातो’ (शिफ्ट म्हणजे डावा हात दांडीवर सरकवणं, बार म्हणजे एकच बोट आडवं टाकून बऱ्याच तारा दाबणं), त्या सरांपुढे चालत नाहीत. ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘बरं, पण मला ती नोट तुटलेली ऐकू आली.’ एवढंच. मग तुम्ही घरी जाऊन दुसरं फिंगरिंग, म्हणजे कुठलं बोट कुठे टाकायचं ते, शोधता आणि बहुतेक वेळा ते सापडतंही.

पहिला पीस सगळ्यांना तोच मिळतो, ती प्रसिद्ध सेरेनेड, जी कित्येक वर्षं हायडन ह्या संगीतकाराच्या ओपस ३ (ओपस म्हणजे छापलेल्या कृतींचा क्रमांक) मधल्या पाचव्या क्वार्टेटचा भाग म्हणून छापली गेली आणि आता अभ्यासक ती रोमान होफश्टेटर नावाच्या एका साधूची मानतात. बेनेडिक्टाइन मठातला माणूस, हायडनचा चाहता. का हाच पीस, तर मूळ क्वार्टेटमध्येच पहिलं व्हायोलिन बोने, म्हणजे गजाने, चाल वाजवतं आणि बाकीचे तिघं बो खाली ठेवून बोटांनी तारा छेडतात, म्हणजे पिझिकातो. म्हणजे तीन पार्ट्स आयतेच गिटारचे झाले की! आमच्या ग्रुपमध्ये एक हिंजवडीवाला, एक फर्ग्युसनमधली मुलगी, बँकेतून रिटायर झालेले एक काका आणि मी, आणि काकांना वाटलं की साथीचा पार्ट मिळाला म्हणजे सुटलो. सरांनी सगळ्यात जास्त वेळ साथीच्या तिघांवरच घालवला. कारण चाल वाजवणाऱ्याच्या गिटारचा सूर छेडल्या क्षणापासून विरत जातो, व्हायोलिनसारखा तो फुगवता येत नाही, वाढवता येत नाही, आणि तो लांब वाटायचा असेल तर साथीने त्या विरणाऱ्या सुराच्या खाली राहायला लागतं, प्रत्येक मात्रेला थोडं थोडं अजून खाली, म्हणजे ऐकणाऱ्याचा कान उरलेली नोट स्वतःच भरून घेतो. तीन जणांनी मिळून एका चौथ्या माणसाची नोट लांब करायची. हार्मोनियमची साथ चांगली असली की गायकाचा श्वास मोठा वाटतो, तसलाच प्रकार, पण स्वतः करून बघेपर्यंत हे कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे एकत्र सुरू करणं. तुम्ही म्हणाल त्यात काय, वन टू थ्री फोर. नाही हो. बोने वाजवणाऱ्यांचा सूर हळू उगवतो, त्यात थोडं मागेपुढे झालं तरी झाकलं जातं, गिटारचा सूर टणकन सुरू होतो आणि चार गिटार किंचित जरी पुढेमागे वाजल्या तरी ती एक कॉर्ड राहत नाही, घरंगळते. सर तोंडाने मोजू देत नाहीत आणि पाय आपटू देत नाहीत. ज्याच्याकडे चाल आहे त्याने नाकाने श्वास घ्यायचा, तोही पीसच्या लयीतच, संथ असेल तर संथ श्वास, आणि बाकीच्यांनी त्या श्वासावर यायचं. पहिल्या काही रविवारी खोलीत चार माणसं सर्दी झाल्यासारखी सूं सूं करत बसलेली असतात, बाहेरून कोणी बघितलं तर हसेल. पण एकदा जमलं की मेट्रोनोम लावून कधी येणार नाही इतकं एकत्र येतं. आणि मग सर म्हणतात की आता मान न हलवता करा.

आता नोटेशनबद्दल, कारण मला वाटतं इथेच बाकीचे क्लास आणि हा क्लास वेगळे होतात. बाजारात गिटार क्वार्टेटसाठी तयार अरेंजमेंट्स मिळतात, नेटवरही बऱ्याच आहेत, पण सर बहुतेक मूळ स्ट्रिंग पार्ट्सवरूनच कामाला लावतात. एक कारण कॉपीराइट, भारतात संगीतकार गेल्यावर ६० वर्षांनी मूळ कृती मोकळी होते पण हल्लीच्या कोणी केलेली अरेंजमेंट ही त्याची स्वतःची असते, ती झेरॉक्स मारून वाटायची नाही ह्याबाबतीत सर फार कडक आहेत. पण खरं कारण म्हणजे तुम्हाला कळावं की ट्रान्सक्रिप्शनमध्ये, म्हणजे एका वाद्याचं दुसऱ्या वाद्यासाठी लिहिताना, नक्की काय होतं. गिटारवाल्याला फक्त ट्रेबल क्लेफ येतो (क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी खूण). व्हायोलाचा पार्ट आल्टो क्लेफमध्ये, चेलोचा बेस क्लेफमध्ये, तिथेच अर्धे गार. त्यावर कडी म्हणजे गिटारचं नोटेशन लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतं, हे आपण सगळे थिअरीत पाठ करतो आणि विसरतो. म्हणजे व्हायोलिनचा पार्ट तुम्ही समोर ठेवून जसाच्या तसा वाजवला की ती चाल एक सप्तक खाली येऊन थेट व्हायोलाच्या अंगावर बसते, चेलो तिथेच खाली, आणि सगळा मधला भाग नुसता चिखल. उपाय दोनच, एक तर चाल बाराव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या धातूच्या पट्टीच्या) पुढे न्या, जिथे नायलॉनची तार जरा केविलवाणी वाजते आणि सगळ्यांचीच गिटार तिथे सुरात असेल असं नाही, नाहीतर मधले सूर काढून टाका. आणि कुठला सूर काढायचा ह्यावर आमच्या खोलीत जेवढी भांडणं झालीत तेवढी सोसायटीच्या पार्किंगवरून होत नसतील.

खालच्या बाजूला वेगळीच अडचण. चेलोची सगळ्यात खालची तार सी, गिटारची सगळ्यात खालची ई, म्हणजे चार सेमिटोन कमी पडतात. सहावी तार डी ला उतरवली की थोडं भागतं, कोणी सी पर्यंत उतरवतात पण मग ती तार लोंबते आणि जोरात छेडली की सूर आधी वर उडतो आणि मग जागेवर येतो. म्हणून स्केल बदलायची. बी फ्लॅट, ई फ्लॅट ह्या स्केल्स गिटारला वैरी, मोकळ्या तारा ई, ए, डी, जी, बी अशा असल्यामुळे फ्लॅटवाल्या स्केलमध्ये सगळीकडे बार धरत बसावं लागतं आणि अंगठ्याचा जीव जातो.

ह्या दृष्टीने मेंडेल्सोनची कान्झोनेत्ता हा क्लासमधला माझा सगळ्यात आवडता पीस. १८२९ सालच्या त्याच्या ओपस १२ च्या क्वार्टेटमधला हा भाग, क्वार्टेट ई फ्लॅटमधलं पण हा भाग जी मायनरमध्ये आहे, आम्ही एक टोन वर ए मायनरमध्ये घेतला. छोटे, तुटक, चिमटीत धरल्यासारखे सूर, गिटारला अगदी घरचे. सेगोव्हिया ह्या स्पॅनिश गिटारवादकाने हा एकट्या गिटारवर वाजवून रेकॉर्ड केला होता, ते ऐकून मग आमचं चार गिटारचं ऐकलं की कळतं की एकट्याने वाजवताना त्याला काय काय सोडून द्यावं लागलं असेल. मधे एक पळापळीचा भाग येतो, तिथे वरचे दोन पार्ट एकमेकांच्या मागे धावतात, आणि तिथे सरांनी एक अट घातली की दोघांचा टोन इतका सारखा पाहिजे की डोळे मिटले तर कोण वाजवतंय कळू नये. एकाची नखं जाड, एकीची पातळ, एकाची गिटार सीडरच्या लाकडाची, एकीची स्प्रूसच्या. मग उजवा हात कोणी होलकडे सरकवायचा, कोणी ब्रिजकडे, नख किती तिरकं लावायचं, असं करत करत आणलं जवळपास. पूर्ण एकसारखं झालं नाही, पण त्या खटाटोपात माझ्या स्वतःच्या उजव्या हाताचं जे झालं ते एरवी एकट्याने कधी केलं नसतं.

ब्राम्सच्या पहिल्या सेक्सटेटचा दुसरा भाग सर दोन गिटारवर करायला देतात, पण सगळ्यांना नाही, ज्यांचा हात तयार आहे त्यांनाच. सहा वाद्यांचं दोन गिटारवर. ऐकायला वेडेपणा वाटेल पण थीम डी मायनरमध्ये आहे, सहावी तार डी ला उतरवली की खालचा सूर आयता मोकळा मिळतो, आणि गिटारवादक जॉन विल्यम्सने केलेली दोन गिटारची अरेंजमेंट तो आणि दुसरा गिटारवादक ज्युलियन ब्रीम स्टेजवर वाजवत. शिवाय ब्राम्सने स्वतःच ह्या भागाचं पियानोसाठी ट्रान्सक्रिप्शन केलं होतं, १८६० सालीच, पियानोवादक क्लारा शूमानसाठी. म्हणजे ‘मूळ वाद्य सोडून दुसऱ्यावर वाजवलं की अपमान होतो’ म्हणणाऱ्यांनी ब्राम्सशी बोलावं. ही थीम मूळात व्हायोला सुरू करतो, म्हणजे मधल्या आवाजातली, आणि ती रेंज गिटारच्या चौथ्या-तिसऱ्या तारेवर इतकी भरीव वाजते की तिथे मला तरी व्हायोलाची आठवण येत नाही.

रावेलच्या क्वार्टेटचा दुसरा भाग, १९०३ चा, तोही पिझिकातोने सुरू होतो म्हणून आम्ही हट्ट करून मागून घेतला. त्यात एकाच वेळी सहा मात्रांचे दोन हिशोब चालतात, कोणी तीन-तीन धरतं, कोणी दोन-दोन-दोन. इथे एक गंमत झाली, ज्यांनी पाश्चात्त्य थिअरी पक्की केलीये ते अडखळले आणि काका, ज्यांनी लहानपणी थोडा तबला केलाय, ते टाळी देत निवांत बसले. सुरुवात भारी वाजते गिटारवर, खरंच, पण मधला संथ भाग आला की सगळी हवा जाते, तिथे बो पाहिजेच. सरांनी आम्हाला सुरुवातीचा भाग वाजवून थांबू दिलं. मला हे आवडलं, ओढूनताणून पूर्ण करा म्हणाले नाहीत.

बोरोदिनच्या दुसऱ्या क्वार्टेटमधल्या नॉक्टर्नवरून मात्र मी सरांशी सहमत नाही. (हा माणूस व्यवसायाने केमिस्ट होता, संगीत वेळ मिळेल तसं, हिंजवडीवाल्याला हे कळल्यापासून तो त्याचा देव झालाय.) त्यात सुरुवातीलाच चेलोची लांबच लांब चाल आहे आणि सरांचं ते प्रेम आहे, साहजिकच, चेलोवाले ते. सर म्हणतात व्हायब्रेटो आणि साथीचा तोल सांभाळला तर गिटारवर होतं. मला वाटतं नाही होत. नोट जिथे फुलायला पाहिजे तिथेच ती संपते, आणि ट्रेमोलोने, म्हणजे तोच सूर भरभर पुन्हापुन्हा छेडून, भरावी तर ती चाल पार बदलून जाते, ते सरांनाही नकोच आहे. ट्रान्सक्रिप्शन निवडताना मुळात बघायचं काय, तर मूळ सुराचा जीव त्याच्या सुरुवातीत आहे की मधल्या लांबीत. सुरुवातीत असेल तर गिटारवर घ्या, लांबीत असेल तर सोडून द्या. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘मग वाजवायला उरेल काय?’ उरतं की भरपूर.

आता तक्रारी. सर गिटारवाले नाहीत ह्याचा जसा फायदा तसा तोटाही आहे. त्यांनी हाताने लिहिलेल्या अरेंजमेंट्समध्ये अधूनमधून असे सूर एकत्र येतात जे गिटारवर शक्यच नाहीत, उदाहरणार्थ खालचा एफ आणि त्याच्या वरचा ए फ्लॅट, दोन्ही सहाव्या तारेवरच आहेत, एका तारेवर दोन सूर कसे काढणार. सांगितलं की लगेच बदलतात, पण नवीन आलेला विद्यार्थी सांगत नाही, तो घरी बोटं वाकडी करत बसतो. फिंगरिंग अजिबात मिळत नाही, ते तुमचं तुम्ही. त्यामुळे डावा हात सुधारायला कोणी येणार असेल तर निराशा होईल, त्यासाठी तुमचे नेहमीचे गिटारचे सर किंवा मॅडम सोडू नका.

हस्ताक्षर भयानक. पेन्सिलने लिहिलेलं, खोडलेलं, त्यावर परत लिहिलेलं, आणि त्याचं झेरॉक्स. फर्ग्युसनवालीने शेवटी कंटाळून सॉफ्टवेअरमध्ये सगळं टाइप करून आप्पा बळवंत चौकातून जाड कागदावर प्रिंट आणि स्पायरल करून आणलं, पानं उलटायच्या जागा बघून, कारण गिटारवाल्याचे दोन्ही हात अडकलेले असतात आणि पान उलटायला रिकामी मात्रा लागतेच. ते खरं तर क्लासने करायला पाहिजे.

खोली छान आहे, उंच छत, दगडी भिंत, आवाज मस्त घुमतो, जवळजवळ फसवा घुमतो, घरी आल्यावर स्वतःचाच टोन कोरडा वाटायला लागतो. खुर्च्या मात्र हाताच्या आहेत, आणि हाताच्या खुर्चीत गिटार घेऊन बसता येत नाही हे चेलोवाल्या माणसाला तरी कळायला हवं होतं, बिनहाताच्या मोजक्याच आहेत, उशिरा आलात तर स्टूल. फूटस्टूल स्वतःचं न्या, फरशी गुळगुळीत आहे, खाली रबराचा तुकडा टाका नाहीतर पाय हळूहळू पुढच्याच्या दिशेने निघतो. पावसाळ्यात पंखा आणि दमट हवा दोन्हींमुळे ट्यूनिंग सारखं हलतं, चारही जणांचं वेगवेगळ्या दिशेने. सर मशीनवर ट्यून करून थांबू देत नाहीत, पीसची पहिली कॉर्ड वाजवून त्यातला तिसरा सूर कानाला कसा लागतो ते बघून मग एखादी तार केसभर सरकवायला लावतात. फ्रेट असल्यामुळे व्हायोलिनसारखं वाजवता वाजवता सावरता येत नाही ना. ह्यात बराच वेळ जातो, पण तो वेळ मी फुकट गेला म्हणणार नाही.

फी महिन्याला साडेतीन हजार, चार रविवार, दोन दोन तास म्हणतात पण सरांच्या गप्पा सुरू झाल्या की तीन होतात, आणि त्या गप्पा, जुन्या पूना कॅम्पातल्या मैफिली, कोणाचा चेलो ट्रेनमध्ये कसा राहिला वगैरे, त्या ऐकण्यासारख्या आहेत पण ज्यांना घरी जेवायला पाहुणे येणार असतात त्यांचे हाल होतात. रोख किंवा यूपीआय, पावती मागितली तरच. एखादा रविवार सरांकडून रद्द झाला तर पुढे भरून देतात, तुमच्याकडून रद्द झाला तर नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही नसलात की बाकीचे तिघं अडकतात, व्हायोलाशिवाय क्वार्टेट म्हणजे मधला मजला नसलेली बिल्डिंग. म्हणून ज्यांच्या ऑफिसात वीकएंडला हमखास काहीतरी निघतं त्यांनी दुसऱ्यांचा विचार करून जॉइन व्हावं.

पार्किंगचं विचारू नका. कोथरूडकरांनी वनाझहून मेट्रोने पुणे स्टेशन आणि तिथून रिक्षा, सकाळच्या वेळी गिटारची हार्ड केस घेऊन आरामात बसता येतं. टू-व्हीलरवर पाठीला गिटार अडकवून येणारे आहेत, त्यांचं त्यांना लखलाभ.

कोणी जावं, तर ज्यांना नोटेशन बघून साधारण चौथ्या-पाचव्या ग्रेडचं वाजवता येतं आणि ज्यांना आपण कुठे चुकतो ते दुसऱ्यांसमोर ऐकायची तयारी आहे त्यांनी. टॅबवरच (नोटेशनऐवजी तार आणि फ्रेटचे आकडे) वाजवणाऱ्यांना इथे फार त्रास होईल. लहान मुलांना सर घेत नाहीत, सोळाच्या पुढे. आणि प्रकाशात यायची घाई असलेल्यांनीही विचार करा, इथे वर्षाच्या शेवटी कार्यक्रम वगैरे नसतो, त्याच खोलीत घरच्यांना बोलावून वाजवतात, चहा आणि बिस्किटं.

पुढची बॅच दिवाळीनंतर सुरू होतेय आणि त्यात बोकेरिनीचं गिटार क्विंटेट (एक गिटार आणि चार बोवाले) आहे, फँडांगो ह्या स्पॅनिश नाचाचं. हे म्हणजे उलटं काम, बोकेरिनीने १७९८ च्या सुमाराला स्पेनमधल्या एका गिटार वाजवणाऱ्या सरदारासाठी आपल्याच जुन्या क्विंटेट्समधून ही गिटार क्विंटेट्स तयार केली, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन त्याचं त्यानेच केलेलं, आणि त्यासाठी सरांनी कॅम्पातले चार बोवाले खरोखर गोळा केलेत. गिटारच्या एका जागेसाठी आम्ही चौघंही रांगेत आहोत, तरी ज्यांना यायचंय त्यांनी सहावी तार डी ला उतरवून रास्गेआदोचा, म्हणजे बोटं एकामागून एक उघडत तारा झाडायचा, हात चालू ठेवा आणि पहिल्या रविवारी बिनहाताची खुर्ची पाहिजे असेल तर साडेनऊच्या आत या.